काळारामाच्या दारात आमचा गाईड गप्प का झाला?

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात आमचा मुलुंडचा सकाळी चालायला जाणारा ग्रुप नाशिकला जाऊन आला. रोज त्याच बागेत तेच राऊंड मारण्यापेक्षा एकदा दुसऱ्या गावात चालून बघू, एवढाच विचार होता. आम्ही नऊ जण, शिवाय एका मैत्रिणीचे बोरिवलीचे भाऊ आणि वहिनी. ठाण्याहून संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली, रात्री नाशिक रोडला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सहाच्या आधी गोदाकाठी हजर. हेरिटेज वॉक आधीच बुक केला होता. माणशी चारशे रुपये, तीन तास, गाईड तिथलाच पंचविशीतला मुलगा.

आधीच सांगते, वॉक छान झाला. पैसे वसूल. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नाशिक म्हणजे शिर्डीला जातानाचा चहाचा थांबा एवढंच पाहिलंय. त्यांनी एकदा तरी हे शहर पहाटे पायी बघावं. दुपारी गाडी घेऊन गेलात तर पार्किंग आणि गर्दी सोडून काही दिसत नाही.

सुरुवात सुंदरनारायणापासून केली. १७५६ सालचं देऊळ. २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याची किरणं थेट मूर्तीवर पडतात, अशी त्याची रचना. तिथेच उभं राहून त्या मुलाने जुन्या नाशिककडे हात दाखवला आणि विजयानंद थिएटरची गोष्ट सांगितली. २१ डिसेंबर १९०९, 'शारदा' नाटकाचा प्रयोग आणि अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचा. १९ एप्रिल १९१० ला त्याला कर्वे आणि देशपांडे यांच्यासोबत फाशी दिली ती ठाण्याच्या तुरुंगात, म्हणजे आमच्या मुलुंडपासून हाकेच्या अंतरावर. सांगताना त्या पोराचा आवाज चढला होता. आमच्याही अंगावर काटा आला. ग्रुपने टाळ्या वाजवल्या.

पूल ओलांडून पंचवटीत आलो. रामकुंडावर तेव्हा फक्त आंघोळीची माणसं, दिवे विकणाऱ्या बायका आणि थोडं धुकं. दुतोंड्या मारुती पाहिला. नाशिककरांची पूर मोजायची पट्टी म्हणजे हा मारुती. पाणी त्याच्या कमरेला लागलं की गळ्याला, यावरून शहरात कुठवर पाणी शिरणार ते जुनी माणसं सांगतात. २००८, २०१६, २०१९, सगळ्या पुरांचे फोटो त्या मुलाच्या मोबाईलमध्ये होते. मग नारोशंकराची घंटा. मग कपालेश्वर, महादेवाचं देऊळ पण समोर नंदी नाही. नदीच्या पात्रात मधल्या काळात कसं काँक्रीट ओतलं, त्याखाली जुनी कुंडं कशी गाडली गेली आणि नदीप्रेमी मंडळी त्यासाठी कोर्टापर्यंत कशी गेली, हेही त्याने न घाबरता सांगितलं. म्हणजे पोरगा बोलायला कच्चा नाही, हे लक्षात ठेवा.

रामकुंडाजवळ एका तीर्थोपाध्यायांच्या घरी त्याने आम्हाला वह्या दाखवायला नेलं. कोण कुठल्या गावचं, कधी आलं, कशासाठी आलं याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद. गुरुजींनी विचारलं, "आडनाव काय, मूळ गाव कुठलं?" मी माहेरचं सांगितलं. दहा मिनिटांत जुनी वही काढली, पानं उलटली आणि माझ्या पणजोबांचं नाव निघालं. १९३२ साली ते त्यांच्या आईच्या अस्थी घेऊन आले होते. खाली मोडीत त्यांची सही. मला भरून आलं. फोटो काढून लगेच भावाला पाठवला. ही १९३२ ची नोंद ध्यानात ठेवा, तिच्याकडे परत येते.

तिथून गल्लीबोळातून वर निघालो, तर सरदार चौक आला. मुलगा काही न बोलता पुढे चालायला लागला. मला पेपरातलं आठवत होतं, म्हणून विचारलं, "अरे, कुंभमेळ्यातली चेंगराचेंगरी इथेच झाली ना?" तो थांबला. "हो ताई. २७ ऑगस्ट २००३. ३९ माणसं गेली. पण सकाळी सकाळी पाहुण्यांना ते सांगत नाही." एवढं बोलून पुढे.

आणि मग काळाराम मंदिर.

देवळाची माहिती त्याने मन लावून सांगितली. पेशवाईतले सरदार रंगराव ओढेकर, रामशेजचा काळा दगड, बांधकामाला लागलेली वर्षं. मग दरवाज्याकडे वळून म्हणाला, "आणि २ मार्च १९३० ला याच ठिकाणी..."

बोरिवलीचे भाऊ पटकन म्हणाले, "अरे जाऊ दे ना बाबा. देवदर्शनाला आलोय, राजकारण नको."

माणूस वाईट नाही हं. पूर्ण वॉकमध्ये आमच्यातल्या एका आजींची पिशवी तेच उचलत होते. आवाजही चढवला नाही. पण तो मुलगा एका क्षणात गप्प झाला. "चला, सीतागुंफेची लाईन वाढेल," म्हणाला आणि निघाला. आम्ही सगळे त्याच्या मागे. मीसुद्धा. तोंडातून शब्द काढला नाही.

शेवटी टपरीवर चहा घेताना त्याला बाजूला घेऊन विचारलं, अर्धवट का सोडलंस? तर म्हणाला, "ताई, मागे एकांनी दोन स्टार दिले. गाईड जातीचं राजकारण करतो असं लिहिलं. महिनाभर बुकिंग कमी आलं. तेव्हापासून ग्रुप बघून बोलतो."

ग्रुप बघून बोलतो! गेले काही आठवडे हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

त्याने जे सांगितलं नाही ते इथे लिहिते. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं मिरवणुकीने काळारामाकडे आली. दादासाहेब गायकवाड आणि नाशिक जिल्ह्यातली कितीतरी साधी माणसं त्यात होती, बायका होत्या. मंदिराचे दरवाजे बंद केले गेले. सत्याग्रही दारात बसून राहिले. त्या वर्षीच्या रामनवमीच्या उत्सवात, ९ एप्रिलला, रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. सत्याग्रह थांबत-चालत पुढची काही वर्षं चालला. दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. होय, पैठणी घ्यायला आपण जातो तेच येवला. आणि २१ वर्षांनी नागपुरात दीक्षा घेतली. देवळं कायद्याने सगळ्यांना खुली झाली ती १९४७ च्या मंदिर प्रवेश कायद्यानंतर.

आता सांगा, यातलं कुठलं वाक्य राजकारण आहे? ज्या दारातून आपण चपला काढून आत गेलो, त्या दाराचीच ही गोष्ट आहे. ती नको असेल तर रामशेजच्या दगडाची तरी कशाला हवी?

माझा मुद्दा नीट ऐका. लोकांना इतिहास नको असतो असं अजिबात नाही. जॅक्सनच्या गोष्टीतही रक्त होतं, फाशी होती. तेव्हा कुणी म्हटलं नाही की सकाळी सकाळी कशाला. बोरिवलीचे हेच भाऊ पाहुणे आले की त्यांना हौसेने मंडपेश्वरच्या लेण्यांत घेऊन जातात. खाली शंकर, वर पोर्तुगीजांच्या मठाचे अवशेष, कुणी कुणावर काय बांधलं ते सगळं रंगवून सांगतात. तेही राजकारणच ना? पण ते चालतं, कारण तिथे अन्याय करणारा परका आहे. १९३० ला दरवाजा बंद करणारे आपले होते. फरक एवढाच. दुसऱ्याने केलेला अन्याय म्हणजे इतिहास आणि आपल्यांनी केलेला म्हणजे राजकारण!

पंढरपूरचं बघा. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं आणि विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं झालं. ही गोष्ट आपण शाळेत अभिमानाने सांगतो, कारण तिचा शेवट गोड आहे. नाशिकची गोष्ट टाळतो, कारण तिथे माणसांनी वर्षानुवर्षं दार ठोठावलं आणि शेवटी कंटाळून निघून गेली. आपल्याला लाज वाटते ती तिथे. वाटायलाच हवी, त्यात चूक काहीच नाही. चूक आहे ती गाईडला गप्प करण्यात.

आता त्या १९३२ च्या नोंदीकडे येते. माझे पणजोबा अस्थी घेऊन आले तेव्हा हे सगळं चालू होतं. ते काळारामाला गेले की नाही, मला माहीत नाही. गेले असतील तर त्यांना कुणी जात विचारून अडवलं नसणार, एवढं नक्की. वही पाहून माझे डोळे भरले आणि अर्ध्या तासाने त्याच काळातली दुसऱ्या माणसांची गोष्ट निघाली तर मी मान खाली घालून सीतागुंफेकडे चालू लागले. स्वतःच्या घराण्याची आठवण हवी, दुसऱ्याची नको, असं झालं ते. याचा मला जास्त त्रास होतोय.

परत येताना गाडीत मी भाऊंना हे सगळं बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हे खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण सुट्टीत मला ते ऐकायचं नव्हतं." मी त्यांना दोष देत नाही. माणूस दमून-भागून दोन दिवस बाहेर पडतो, त्याला प्रसन्न सकाळ हवी असते. पण मग प्रश्न उरतो, की गोष्ट कुणाच्या मूडवर ठरणार? चारशे रुपये देणाऱ्याच्या? पाच स्टार देणाऱ्याच्या?

हा प्रश्न आत्ताच विचारायचं कारण म्हणजे २०२७ चा कुंभमेळा. २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. त्याच्या तयारीत साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला आणि २०२५ च्या शेवटी नाशिककर रस्त्यावर उतरले, ते आपण वाचलंच आहे. रस्ते, घाट, पूल यांवर खर्च होईल, होऊ दे, गर्दीसाठी ते लागतंच. २००३ विसरून चालणार नाही. पण एवढ्या लोकांना शहर सांगणार कोण? नवे माहितीफलक लागतील, त्यांवर काय लिहिलं जाईल? एकदा फलकावरून गोष्ट गळली की पुढची पन्नास वर्षं ती गळलेलीच राहते.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात. एक, पंचवटीतल्या माहितीफलकांवर काळाराम सत्याग्रह तारखेसह ठळक असावा आणि सरदार चौकातल्या ३९ माणसांची आठवणही असावी. दोन, स्थानिक पोरापोरींना रीतसर गाईडचं प्रशिक्षण आणि ओळखपत्र द्यावं आणि त्या प्रशिक्षणात हा इतिहास असावा. म्हणजे कुणी तक्रार केली तर तो मुलगा म्हणू शकेल, "साहेब, हे माझं मत नाही, अभ्यासक्रमात आहे." तीन, हे आपल्यासाठी. नाशिकला निम्मी गर्दी आपलीच असते, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीची. गाईडला आपण ग्राहक म्हणून घडवतो, तसंच बिघडवतोही.

मी परत आल्यावर त्या मुलाला पाच स्टार दिले आणि लिहिलं, की काळारामाच्या दारातली १९३० ची गोष्ट याच्याकडून पूर्ण ऐका, त्याला सगळं नीट माहीत आहे. त्याचा मेसेज आला, "थँक्यू ताई." पुढे एक हात जोडल्याचं चिन्ह. बस.

तुम्ही जाल तेव्हा एवढं करा. काळारामाच्या दारात उभं राहून गाईडला स्वतःहून विचारा, "२ मार्चला इथे काय झालं होतं?" आणि ग्रुपमधलं कुणी मध्ये बोललंच, तर माझ्यासारखं गप्प बसू नका. "थांबा हो दोन मिनिटं, ऐकू द्या," एवढं म्हणा. दर्शनाची लाईन काही पळून जात नाही.