बस मुलांना मिळाली, मास्तरांना कधी मिळणार?

पानशेतच्या समूह शाळेचा विषय निघाला की आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, गोरगरिबांची शाळा बंद पाडण्याचा डाव आहे. दुसरा म्हणतो, सात पोरांची शाळा चालवून कुणाचं भलं होतंय? मी दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्यात, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी हकीकत. वेल्हे तालुक्यात (2024 साली राज्य मंत्रिमंडळाने त्याला राजगड हे नाव द्यायचं ठरवलं, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच) पानशेत भागातल्या छोट्या शाळांची मुलं बसने एका मोठ्या शाळेत आणायला सुरुवात झाली. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तांनी हाच नमुना राज्यापुढे ठेवला. तेव्हाच्या आकडेवारीनुसार वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा 14,783 आणि त्यात शिकणारी मुलं 1,85,467. समूह शाळेच्या बाजूने मांडलेल्या मुद्द्यांत एक मुद्दा अगदी खरा आहे: छोट्या शाळेत मुलाला सवंगडी मिळत नाहीत आणि शिक्षकालाही नाहीत.

हे मला कुणी सांगायला नको. नीरा देवघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला एका द्विशिक्षकी शाळेवर मी बारा वर्षं काढली. पट सतरा, वर्ग पाच. जोडीदार सर निवडणुकीच्या कामाला किंवा प्रशिक्षणाला गेले की पाचही वर्ग माझ्याच गळ्यात. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की दोन-दोन दिवस मोठ्या माणसाशी बोलणं नाही. बारा वर्षांत माझा तास शेवटपर्यंत बसून पाहिला असा माणूस एकच. पाहुणे येत. पोषण आहाराची नोंदवही बघत, पटावरची आणि हजर मुलं मोजत, चहा घेऊन जात.

माझा राग इथून सुरू होतो. शिक्षक एकटा पडलाय हे कबूल असेल तर मुलं का हलवायची? शिक्षकांना जवळ आणा की! त्यासाठी नवं काही बांधायला नको, सोय आधीपासून आहे. शेजारच्या शाळांनी मिळून काम करावं हे कोठारी आयोगाने 1966 मध्येच सांगितलं होतं. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले, महिन्याला शिक्षण परिषद ठरली. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीच कल्पना पुन्हा मांडली. कागद भरपूर आहेत. पण केंद्रप्रमुखांची पदं वर्षानुवर्षं रिकामी, एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा भार. 2023 मध्ये परीक्षेची जाहिरात निघाली, मग परीक्षाच लांबत गेली. जे केंद्रप्रमुख आहेत ते माहितीचे तक्ते गोळा करण्यात बुडालेत. मी बसलो त्या बहुतेक परिषदा अशाच: सकाळी परिपत्रकांचं वाचन, मग एक भाषण, जेवण, सही.

एकच उदाहरण देतो. छत्तीस लिही म्हटलं की दुसरीतलं पोरगं 63 लिहितं, कारण कानावर सहा आधी येतो. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा टीव्हीवर रोज भांडणं झाली. रोज या चुकीशी झगडणाऱ्या आम्हा वीसेक शिक्षकांना मात्र परिषदेत कुणी विचारलं नाही, तुम्ही वर्गात काय करता? प्रत्येकाने आपापली युक्ती आपल्याच डोंगराआड ठेवली.

आमच्याकडे नेतृत्व म्हणजे पुरस्कार. शाल, नारळ, फोटो. डिसले गुरुजींना 2020 मध्ये जागतिक पुरस्कार मिळाला, मलाही आनंद झाला. पण एका माणसाच्या कौतुकाने शेजारच्या शाळेतला वाचनाचा तास सुधारत नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटात प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना हाताशी धरून काम उभं केलं. राज्यभरातून मास्तर तिकडे बघायला गेले, मीही गेलो. येताना बहुतेकांनी काय आणलं, तर फरशीवर रंगवायचे तक्ते. शिक्षक एकमेकांच्या कामाविषयी कसे बोलतात हे रंगाच्या डब्यात भरून आणता येत नव्हतं, ते तिथेच राहिलं.

आमच्या समाजात हल्ली फातिमा शेख यांच्यावरून वाद रंगतो. मला त्यांच्याबद्दलची एकच गोष्ट भिडते. सावित्रीबाई आजारपणात माहेरी, नायगावला होत्या. भोरहून नीरा ओलांडली की ते पलीकडेच. 10 ऑक्टोबर 1856 च्या तिथल्या पत्रात त्या जोतीरावांना लिहितात की फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. मला त्यात एक शिक्षिका दुसरीचा भार ओळखताना दिसते. जयंतीला पोस्टर फिरवणाऱ्यांनी एकदा आपल्या उर्दू शाळेतल्या बाईंना विचारावं, तुमचा भार कोण ओळखतं?

दिल्ली सरकारने 2016 मध्ये दोनशे शिक्षकांना मार्गदर्शक शिक्षक म्हणून निवडलं आणि त्यांना इतर शाळांत जाऊन वर्ग बघायला मोकळं केलं. जपानात शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे बसून मुलं काय करतात ते टिपतात. मला भोर-वेल्ह्यात एवढंच हवंय: प्रत्येक केंद्रात शिक्षकांनीच निवडलेला एक शिक्षक, त्याला आठवड्यातून दोन दिवस मोकळे, त्या दिवशी त्याच्या वर्गावर बदली माणूस आणि फिरायला गाडीभाडं. मुलांच्या बसला पैसे निघतात ना?

कुणी म्हणेल, मास्तर एकत्र आले तरी सात पोरांना सवंगडी कुठून येणार? खरं आहे. तीन-चार मुलांच्या शाळेवर मी हट्ट धरणार नाही. पण पहिलीतल्या पोराची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी हा कायदा आहे. पावसाळ्यात केळद-पासलीच्या बाजूचा रस्ता ज्याने पाहिलाय, त्याला तो कायदा का केला हे समजवावं लागत नाही.

तास शेवटपर्यंत पाहणारा तो एक माणूस म्हणजे शेजारच्या शाळेच्या बाई. स्वतःची रजा टाकून त्या आल्या होत्या. मी हातच्याची वजाबाकी घेत होतो. तास संपल्यावर म्हणाल्या, "तांबोळी सर, रागावू नका, पण मागच्या ओळीतली ती मुलगी तुम्ही विचारलं की शेजारणीचं उत्तर बघून बोलते. तिला दशक सुटा करताच येत नाही."

त्या मुलीला मी दीड वर्ष हुशार समजत होतो. दुसऱ्या दिवशी काड्यांचे गठ्ठे घेऊन तिच्याजवळ बसलो. बाईंची ती रजा बिनपगारी झाली.