रजा गुरुवारी कळते, बुकिंग महिनाभर आधीच संपतं!

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण वाळूज, बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर, जोगेश्वरीत राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी विनंती. विषय वरवर किरकोळ वाटेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरांना दोन दिवस तंबूत राहायला कुठं न्यायचं, एवढाच.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतला एक भाऊ एका व्हेंडर कंपनीत ठेकेदाराकडं कामाला आहे. गुरुवारी रात्री नऊला त्याच्या मोबाईलवर मेसेज आला: लाईन बंद, शुक्रवार ते रविवार सुट्टी. त्याची दोन लेकरं वर्षभर एकच गोष्ट मागत होती, तंबूत झोपायचंय. भाऊ माझ्याकडं आला. "तुम्ही पेपरवाले, तुमची ओळख असेल, बघा ना कुठं जमतं का."

रात्री अकरापर्यंत आम्ही दोघं फोन लावत बसलो. सरकारी निवासाचं ऑनलाईन पान उघडलं तर सगळ्या तारखा भरलेल्या. खासगीवाल्यांनी 'वीकेंड रेट' सांगितला, नेहमीच्या दुप्पट. शेवटी नगर जिल्ह्यातल्या एका जलाशयाकाठी जागा मिळाली. निम्मे पैसे आधी पाठवा म्हणाले, पाठवले. दुसऱ्या दिवशी पाच तास प्रवास करून पोचले तर नांगरलेल्या रानात तंबू ठोकलेले, चाळीस-पन्नास माणसांत एक संडास आणि रात्री बारापर्यंत डीजे. त्यात वळवाचं वारं सुटलं, तंबूचे खुंट उपटले. पहाटे चारला हे कुटुंब घरी परत. पैसे गेले, लेकरं रडून झोपली.

हे मी एकाला सांगितलं तर तो म्हणतो, "आधी प्लॅनिंग करायचं ना! शेवटच्या क्षणी गेल्यावर असंच होणार."

इथंच माझं भांडण आहे.

ज्याला मार्चमध्येच मे महिन्याची रजा माहीत असते, तो प्लॅनिंग करतो. बँकेत, सरकारी कचेरीत, शाळेत ते जमतं. वाळूजमधल्या ठेक्यावरच्या माणसाने प्लॅनिंग कशाच्या भरवशावर करायचं? ऑर्डर वाढली की रविवारीसुद्धा कामावर, ऑर्डर घटली की घरी बसा. १९४८ च्या कारखाने कायद्याने २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक पगारी रजा दिली. २०२० च्या नव्या संहितेत २४० ची अट १८० वर आणली. कागदावर छान आहे. पण ज्याला मध्येच 'ब्रेक' देऊन पुन्हा नवीन म्हणून घेतात, त्याचे दिवस भरायचे कधी? अशा माणसाला सुट्टी मिळते तीच मुळात आयत्या वेळी. त्याला आळशी म्हणू नका. त्याचं कॅलेंडर दुसऱ्याच्या हातात आहे.

आता सरकारकडं बघा. २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आलं. २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आलं, नोंदणीचे आणि सुरक्षेचे नियम आले. त्याच वर्षी कॅराव्हॅन धोरणही आलं. म्हणजे ज्याच्याकडं चाकावरचं घर आहे त्याची गाडी कुठं उभी राहील, संडास कुठं असेल, याचा विचार सरकारने केला. ज्याच्याकडं जुनी मारुती व्हॅन आणि दोन सतरंज्या आहेत, त्याचा विचार कुणी करायचा?

आणि जागा नाही असं कुणी म्हणू नये. म्हैसमाळ आपल्यापासून तासा-सव्वा तासावर आहे. हजार मीटरच्या आसपास उंची. दुपारी ऊन तिथंही लागतं, खोटं कशाला बोलू, पण बजाजनगरच्या पत्र्याच्या खोलीत रात्री बाराला भिंती तापलेल्या असतात तेव्हा तिथं गार वारं सुटलेलं असतं. म्हैसमाळ, शूलीभंजन, खुलताबाद, वेरूळ यांच्या एकत्रित विकास आराखड्याच्या बातम्या आम्ही कित्येक वर्षं लिहितोय. त्यात रस्ते येतात, इमारती येतात. कामगाराचं कुटुंब परवडणाऱ्या दरात रात्रभर पाठ टेकेल अशी साधी सार्वजनिक तंबूची जागा मात्र माझ्या पाहण्यात नाही. पैठणला तीनशे एकरांच्या आसपासचं ज्ञानेश्वर उद्यान आहे. त्याच्या दुरवस्थेवर आम्ही पत्रकारांनी किती शाई खर्च केली, त्याचा हिशेब नाही. नाथसागराचा जलाशय पक्षी अभयारण्य आहे, तिथं तंबू नकोच. पण उद्यानाच्या हद्दीत एक कोपरा द्यायला काय हरकत आहे?

"एवढ्या लोकांची सोय आयत्या वेळी होत नसते," असं साहेब लोक म्हणतील. मग नाथषष्ठीला काय होतं? दरवर्षी फाल्गुनात पैठणला लाखो वारकरी येतात. बुकिंग करून येतात का? दिंड्या येतात, गोदाकाठी राहुट्या पडतात, टँकर येतात, दिवे लागतात, फिरते संडास लागतात, पोलीस उभे राहतात. हे याच जिल्ह्याचं प्रशासन करतं. शेगावला जा. गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात खोली आल्यावर रांगेत उभं राहून मिळते. दर माफक, स्वच्छता अशी की चप्पल घालून चालायला लाज वाटावी. आयत्या वेळी आलेल्या माणसाला आसरा देणं ही आपल्या मुलखाची जुनी रीत आहे. ती फक्त देवाच्या दारातच का उरावी?

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत.

एक, म्हैसमाळ आणि पैठण इथं एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सार्वजनिक तंबूस्थळ सुरू करा. सपाट जागा, पाणी, संडास, दिवा, रखवालदार. एवढंच पुरे.

दोन, किमान एक तृतीयांश जागा ऑनलाईनला टाकू नका. त्याच दिवशी येणाऱ्याला खिडकीवर द्या.

तीन, वादळ आणि विजेचा इशारा आला की सगळ्यांना आत घेता येईल अशी एक पक्की शेड बांधा. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या शेवटी वीज पडून माणसं मरतात. उघड्या माळावर तंबू ठोकून पैसे घेणारे खासगीवालेही यातून सुटता कामा नयेत. नोंदणी नसेल तर धंदा बंद करा.

चार, कंपन्यांनी मे महिन्यातली बंदची तारीख पंधरा दिवस आधी फलकावर लावावी, ठेक्यावरच्या लोकांसाठीसुद्धा. याला एक रुपया लागत नाही.

पाण्याचा प्रश्न खरा आहे. उन्हाळ्यात म्हैसमाळला पाणी कमी पडतं, मान्य. मग पन्नासच तंबू लावा, टँकर मोजून द्या. कचरा होईल? अनामत घ्या, जागा झाडून दिली की परत करा. कामगाराला शिस्त शिकवू नका, तो रोज मशीनपुढं शिस्तीतच उभा असतो.

१९८५ च्या सुमारास इथं बजाजचा कारखाना आला, तेव्हापासून या पट्ट्याने राज्याला कर दिला, देशाला गाड्या दिल्या. त्या गाड्यांवर बसून लोक देशभर फिरायला जातात. गाडी जोडणाऱ्याच्या लेकराला मात्र तासाभरावरच्या डोंगरावर एक रात्र मिळत नाही.

भाऊची लेकरं यंदाही विचारतायत. मी मुद्दाम त्याला फोन लावून देणार नाही. आधी जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन देणार. सोबत यायचं असेल तर कमेंटमध्ये 'मी येतो' लिहा. आणि तुम्हालाही असा अनुभव आला असेल तर तोही लिहा, निवेदनाला जोडतो.