तोंडी परीक्षा

तोंडी परीक्षेत विद्यार्थी छताकडे पाहू लागला, की मला हटकून मॅक्सवेल ग्लक आठवतात. हे गृहस्थ अमेरिकेतले दुकानदार. एक-दोन नव्हे, दुकानांची मोठी साखळीच त्यांची. १९५७ साली आयझेनहॉवर यांनी त्यांना सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, राजदूत नेमायचे ठरवले. तिथे राजदूताला सिनेटची संमती लागते. घटनेचाच तसा दंडक आहे. तेव्हा ग्लकसाहेब परराष्ट्र समितीपुढे बसले.

सिनेटर फुलब्राइट यांनी विचारले, निवडणुकीत पक्षाला वर्गणी किती दिलीत? २०-३० हजार डॉलर असतील, म्हणाले. भारताचे पंतप्रधान कोण? ठाऊक आहेत, पण नाव उच्चारता येत नाही! बरे, सिलोनचे? तेही नाव आठवेना. बंडारनायके हे नाव अवघड खरे. पण जिथे नांदायला जायचे, तिथल्या कारभाऱ्याचे नाव तरी पाठ करावे की नाही?

एवढे होऊनही ग्लकसाहेब पास झाले!

"मग त्या परीक्षेचा उपयोग काय?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

"अगं, प्रश्न विचारला गेला, उत्तर कागदावर राहिले. आपल्याकडे सरकार राजदूत नेमते. संसदेच्या समितीपुढे त्याला आधी बसावेच लागत नाही. विचारणार कोण?"

"ते राहू द्या. मागे तुम्ही प्राध्यापकांच्या निवड समितीवर होतात ना? तो चिठ्ठी घेऊन आलेला उमेदवार. त्याला काय विचारलंत?"

मी चष्मा पुसू लागलो. मी त्याला गावाचे नाव विचारले होते.