पट्टी बाईच्या माथी, घर बाप्याच्या नावे

घरपट्टी हा विषय आपल्या शिबिरांत येत नाही. दारू, मारहाण, पोटगी, रेशन यांवर आपण रात्र-रात्र बोलतो. घरपट्टी म्हटले की बाया म्हणतात, ‘ते पुरुष बघतात.’ ते बघतात म्हणूनच त्यावर आपण बोलायला हवे, असे माझे मत आहे.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४ वाचा. रीतसर बिल देऊन मागणी केल्यावर तीन महिन्यांत पंचायतीचा कर भरला नाही, तर सदस्य अपात्र ठरतो. इथवर माझी तक्रार नाही. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात पुढे लिहिले आहे की एकत्र हिंदू कुटुंबातल्या एकाने कर थकवला तर त्या कुटुंबातले सगळेच अपात्र. म्हणजे बिल सासऱ्याच्या नावाचे, मिळाले सासऱ्याच्या हाती, त्याने ते तारेला ओवून ठेवले, आणि पद गेले सुनेचे! तिला बिल आल्याची खबरही नसते.

आता त्याच पंचायतीतला नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, उघडा. मालकाच्या रकान्यात सासरा, नवरा, दीर. राहते घर नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवावे असा निर्णय शासनाने २००३ मध्येच काढला. घरकुल योजनेतली घरे सोडली तर मी फिरते त्या गावांत त्याचा मागमूस क्वचितच दिसतो. नाव लावायला गेले की उत्तर ठरलेले : ‘मालकाची संमती आणा.’ थकबाकी वसूल करताना कुटुंब एक आणि मालकी लिहिताना बाई परकी, हा कुठला हिशेब?

१९९३ मध्ये आपल्याला पंचायतीत एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून निम्म्या. तेव्हापासून निवडून आलेल्या बाईला खाली खेचायची हत्यारे गावाने शोधून ठेवली आहेत. अविश्वास ठराव, तिसरे मूल (त्यावर वेगळा लेखच लिहायला हवा), आणि ही थकबाकी. दिराशी वाद झाला की त्याने पट्टी भरायची नाही, एवढे पुरते. अर्ज करायला विरोधक तयारच असतात.

ज्या निवडणुकीला उभ्या राहत नाहीत त्यांचे काय? संजय गांधी निराधार योजनेत २०२३ पासून महिना १५०० रुपये मिळतात. त्यासाठी विधवा, परित्यक्ता बाई पंचायतीत रहिवासी दाखला मागायला गेली की ऐकते, ‘आधी पट्टी भरा.’ तिच्या नावावर नसलेल्या घराची, नवऱ्याने मागे ठेवलेली पट्टी ती खुरपणीच्या मजुरीतून भरते. पावती मात्र त्याच्याच नावाने फाटते.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. त्या कुटुंबांचा मला हेवा नाही. पण तिथे लाखोंच्या घराला माफी आणि इथे कुडाच्या खोलीला नोटीस, हे कोणत्या न्यायाने? माफी घराच्या मापावर न देता चुलीच्या कमाईवर द्या. ‘पंचायतीचे उत्पन्न बुडेल’ म्हणणाऱ्यांनी आधी ढाबे, मंगल कार्यालये आणि टॉवरची थकबाकी फळ्यावर लिहावी. कर नकोच, असे मी म्हणत नाही. नळ आणि दिवे त्यातूनच चालतात.

बायांनो, ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे नमुना ८ मोठ्याने वाचून दाखवायला लावा. दोघांची नावे लावावीत, एकट्या गरीब बाईच्या घराला सूट मिळावी, पट्टीसाठी दाखला अडवू नये आणि ज्या घरावर सदस्य बाईचे नाव नाही त्याच्या थकबाकीपायी तिचे पद जाऊ नये म्हणून शासनाने कलम बदलावे, असे ठराव मांडा. ते इतिवृत्तात उतरल्याशिवाय उठू नका आणि प्रत मागून घ्या.