फुंकून न बघताच ‘दमा’ म्हणायचं, हे किती दिवस चालायचं?

मंडळी, आपल्या भागात धाप लागणाऱ्या माणसाला एकच नाव मिळतं. दमा. पंधरा वर्षांच्या पोराला दमा, साठीच्या आजीलाही दमा, बिडी ओढून खंगलेल्या आबालाही दमाच. मग स्टेरॉइडचं इंजेक्शन, चार गोळ्या आणि ‘थंड खाऊ नका’. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. वर्षानुवर्षं असली इंजेक्शनं घेतली की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. ते खातं वेगळंच.

दमा आणि सीओपीडी हे दोन वेगळे आजार आहेत. दम्यात नळ्या आकसतात आणि औषधानं बऱ्यापैकी मोकळ्या होतात. सीओपीडीत धुराने नळ्या आणि फुप्फुस कायमचं खराब झालेलं असतं. स्टेथोस्कोपला शिट्टी दोन्हीत ऐकू येते. म्हणून ‘कानानं कळतं मला’ असं कुणी डॉक्टर म्हणाले तरी मी ते मान्य करणार नाही.

फरक कळतो स्पायरोमेट्रीनं. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जीव खाऊन फुंकायचं. एकूण हवेतली किती पहिल्या सेकंदात बाहेर आली ते मशीन मोजतं. ७० टक्क्यांच्या खाली आलं तर नळ्या अडलेल्या. मग सालब्युटामॉलचा पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. आकडा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरनं वाढला तर बोट दम्याकडे जातं. पंपानंतरही ७० च्या खालीच राहिला तर सीओपीडीचा संशय पक्का होत जातो. काहींत दोन्ही सापडतात, आणि दमेकऱ्याचा आकडा बऱ्या दिवसात नॉर्मलही येतो. म्हणजे डॉक्टरचं डोकं लागतंच, पण आकड्याशिवाय नुसतं डोकं काय करणार?

हा फरक पुस्तकी नाही. दम्यात ओढायचं स्टेरॉइड हेच मुख्य औषध, ते सोडून नुसत्या नळ्या मोकळ्या करणाऱ्या पंपावर राहिलं तर झटका जिवावर बेतू शकतो. सीओपीडीत उलट नळ्या उघडणारे पंप आधी, आणि स्टेरॉइड सरसकट दिलं तर न्यूमोनियाचा धोका वाढतो.

आता आपल्या तालुक्याचं बोलू. दिवाळीच्या आगंमागं गाड्या भरून माणसं ऊसतोडीला जातात. सहा महिने कोपीत चूल, सरपण, पाचट आणि धूर. बाईनं आयुष्यात बिडीला हात लावलेला नसतो, तरी सीओपीडी होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये हे मांडलं होतं. २०१६ मध्ये देशात सीओपीडीचे साडेपाच कोटी आणि दम्याचे पावणेचार कोटींहून जास्त रुग्ण असल्याचा अंदाज होता. तरी आपल्याकडं सीओपीडी हा शब्द कितीजणांनी ऐकलाय? उज्ज्वला योजनेचं सिलिंडर घरी राहतं, बाई फडात असते.

कुणी म्हणेल, आधी टीबी बघा. बरोबरच आहे. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी आधी तपासा, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. पण ती निगेटिव्ह आली की पुढं काय? तिथंच आपला रुग्ण लटकतो. केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात २०२३ पासून सीओपीडी आणि दमा दोन्ही घेतलेत. कागदावर आलंय, तर मशीन, ते नीट वापरायला शिकलेला माणूस आणि प्रत्येकाला वेगळी तोंडनळी तालुक्याला आलीच पाहिजे. बीपी-शुगरची शिबिरं होतात, फोटो पेपरला येतात (आम्हीच छापतो), मग फुंकायची तपासणी त्याच मांडवात का नाही?

माझी मागणी साधी आहे. आमदार साहेब, जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब, जिल्हा शल्यचिकित्सक साहेब, तीन गोष्टी जाहीर करा. तालुक्यात सरकारी स्पायरोमीटर किती, चालू किती, आणि गेल्या वर्षभरात किती लोकांनी त्यात फुंकलं. टोळ्या कारखान्याला निघायच्या आत एक शिबिर लावा. उत्तर तोंडी नको, लेखी द्या. नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज तयारच आहे. ज्यांच्या घरी ‘दमा’ आहे त्यांनी खाली कमेंटमध्ये एवढंच लिहा: तुम्हाला कधी फुंकायला लावलं का?