पिकअपला स्पेसर बसवण्याआधी मालाचा एक थर उतरवून बघा

आंब्याचा हंगाम तोंडावर आला की आपल्या किनाऱ्यावर गॅरेजवाल्यांचाही हंगाम सुरू होतो. अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, कुठेही जा, पिकअप रांगेत उभ्या असतात. कोणाला पाटे वाढवायचे असतात, कोणाला हौद्याला वर जाळी लावायची असते, आणि अलीकडे बऱ्याच जणांना मागच्या चाकांना 'स्पेसर' टाकून हवे असतात. चाक आणि हब यांच्यामध्ये बसणारी ही धातूची जाड चकती. तिच्यामुळे चाक बाहेर सरकतं, गाडी रुंद दिसते आणि वळणावर डुलत नाही, असा समज आहे. त्यातला किती खरा आणि किती खोटा, हे हंगामाआधी बघून घ्यावं म्हणून आज शेतीचा विषय थोडा बाजूला ठेवतो. तसा तो फार बाजूला नाही. बागेतला माल वाशीच्या बाजारात पोचेपर्यंत पीक पदरात पडलं असं कोणी म्हणत नाही.

गेल्या मे महिन्यात साळावचा पूल ओलांडून रेवदंड्याकडे येताना एक पिकअप रस्त्याच्या कडेला कलंडायच्या बेतात उभी दिसली. मागचं डावं चाक तिरपं झालेलं, दोन स्टड तुटलेले, उरलेल्यांचे आटे घासून गुळगुळीत. फळांचे क्रेट रस्त्यावर उतरवून ठेवलेले. मालक ओळखीचे निघाले. म्हणाले, "साहेब, गाडी डुलायची म्हणून चाकाला चकत्या टाकल्या. दुकानदार बोलला, काही होत नाही." चकती हातात घेऊन बघितली. तिच्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना माप, ना कुठला शिक्का. जाडी अर्ध्या इंचाच्या आसपास. आणि नट मूळ स्टडवर जेमतेम चार आटे बसत होते. सुदैव एवढंच की हे सपाटीवर घडलं. म्हसळ्याजवळच्या घोणसे घाटात घडलं असतं तर मी हा लेख वेगळ्या सुरात लिहिला असता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाडी डुलते का? माल उंच लागतो म्हणून. कुठलंही वाहन वळणावर उलटायला किती तयार आहे, हे ढोबळमानाने दोन मापांवर ठरतं: दोन चाकांमधलं अंतर आणि मालासकट गाडीचा भारमध्य जमिनीपासून किती उंच आहे ते. अंतर वाढलं तर गाडी स्थिर, भारमध्य खाली आला तरी स्थिर. स्पेसर पहिलं माप वाढवतो. पण किती? कागद-पेन्सिल घ्या.

समजा रिकामी गाडी 1,700 किलोची आहे आणि तिचा भारमध्य 70 सें.मी. उंचीवर आहे. हौद्याचा तळ जमिनीपासून 90 सें.मी. प्रत्येकी 30 सें.मी. उंचीच्या क्रेटचे पाच थर भरले, एका थरात 300 किलो माल. म्हणजे 1,500 किलो माल आणि त्याचा मध्य 165 सें.मी.वर. गाडी आणि माल मिळून भारमध्य येतो साधारण 115 सें.मी. आता वरचा एकच थर उतरवा. भारमध्य 103 वर येतो, म्हणजे जवळजवळ 11 सें.मी. खाली. चाकांमधलं अंतर 140 सें.मी. धरलं, तर या एका थराने गाडीची उलटण्याविरुद्धची ताकद शेकडा 11 ने वाढते. उलट पाचही थर ठेवून दोन्ही बाजूंना एकेक इंचाचे स्पेसर टाकले, तर ती वाढते शेकडा साडेतीन-पावणेचार. तेही पुढच्या-मागच्या चारही चाकांना टाकले तर. फक्त मागे टाकले, जसे आपल्याकडे टाकतात, तर त्याहून कमी. एक थर उतरवल्याचा फायदा चकत्यांनी मिळवायचा म्हटलं तर प्रत्येक बाजूला तीन इंचांची चकती लागेल. तेवढी जाड चकती हबवर टाकायला कुठलाही शहाणा मेकॅनिक तयार होणार नाही.

हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. तुमच्या गाडीचं रिकामं वजन आणि मालासकटची मर्यादा आरसी बुकात लिहिलेली असते, ती घालून हिशेब मांडा. उत्तर थोडं इकडेतिकडे होईल, दिशा बदलणार नाही.

मग चकतीने नुकसान काय? आपल्या आजोबा-पणजोबांनी कावड वाहिली आहे. खांद्यापासून घागर जितकी लांब टांगाल तितका खांदा भरून येतो, घागर तीच असली तरी. चाक बाहेर सरकलं की बेअरिंगचं आणि स्टडचं तेच होतं. खड्ड्यात आदळल्यावर बसणारा हिसका तेवढ्या लांबच्या टोकावरून बसतो. आणि खड्ड्यांबद्दल आपल्याला कोणी शिकवायला नको. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण 2011 साली सुरू झालं, तेव्हापासून त्या रस्त्याने किती बेअरिंग खाल्ली याचा हिशेब गॅरेजवाल्यांकडेच असेल. पुढच्या चाकांना चकती टाकली तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. पाटे दबल्यावर बाहेर आलेला टायर हौद्याच्या कडेला किंवा मडगार्डला घासतो.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, तो घाटावरच्या गाड्यांना नाही: खारं पाणी. भरडखोल, जीवना बंदर, एकदरा, बोर्ली, जिथे जिथे मासळीची गाडी लागते, तिथे बर्फ वितळून खारं पाणी हौद्यातून थेट चाकांवर गळतं. पुळणीवर गाडी उतरवणारेही कमी नाहीत. बाजारातले बरेच स्पेसर ॲल्युमिनियमचे असतात आणि हब लोखंडाचा. दोन वेगळे धातू चिकटून बसलेले आणि मध्ये मिठाचं पाणी, की ॲल्युमिनियम गंजायला लागतं. पांढरी भुकटी धरते, बसणारी बाजू सपाट राहत नाही, नटाचा ताण सैल पडतो. बाहेरून चाक मात्र नवंकोरं दिसतं! मीठ काय करतं ते आपण खाजणाच्या उघडीच्या दरवाजांवर बघतोच.

इथे काही जण म्हणतील, साहेब, मग ट्रॅक्टरची चाकं आम्ही रुंद-अरुंद करतोच की. बरोबर आहे. पण ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची डिस्क आणि रिम उलटसुलट बसवून अंतर बदलण्याची सोय कारखान्यानेच ठेवलेली असते, पुस्तकात मापं दिलेली असतात, आणि ट्रॅक्टर नांगरताना ताशी सत्तरने धावत नाही. पिकअपच्या पुस्तकात अशी सोय दिली आहे का, ते आधी उघडून बघा.

आता कायदा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आता खरं बोलायचं तर कलम 52 मध्ये स्पेसरचं नाव घेतलेलं नाही. वाहनाचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला फेरफार, अशी तिथे व्याख्या आहे. चकती त्यात बसते की नाही यावर वकील वाद घालू शकतील. पण रात्री दोन वाजता गाडी अडवली गेल्यावर तुमच्याजवळ वकील नसतो. आणि अपघात झालाच, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळ्यात आधी अशाच गोष्टी टिपून घेतो. दावा अडकायला तेवढं कारण पुरतं. पेणला पासिंगला जाताना चकत्या काढायच्या आणि परत आल्यावर घालायच्या, हा खेळ तर मुळीच करू नका. दर वेळी ते स्टड सैल-घट्ट होतात आणि शेवटी आटे जातात.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही दोन शब्द. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून अनेक गावांनी घंटागाड्या घेतल्या. चालकाने परस्पर चकत्या बसवल्या असतील तर मालक म्हणून जबाबदारी ग्रामपंचायतीवर येते, आणि त्या खर्चाची पावती लेखापरीक्षणात कोणत्या शीर्षाखाली दाखवणार, हेही ठरवून ठेवा.

एवढं ऐकूनही कोणी म्हणेल, एक थर कमी भरायचा म्हणजे पाचवा हिस्सा माल मागे ठेवायचा, भाडं कोण देणार? प्रश्न रास्त आहे. खरं दुखणं चकतीत नाहीच, भाड्यात आहे. डिझेल, टोल, चालकाचा भत्ता हे सगळं फेरीवर पडतं, म्हणून प्रत्येक जण एका फेरीत जास्तीत जास्त कोंबतो. पण ओव्हरलोडचा दंड 2019 च्या दुरुस्तीत 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी 2,000 असा ठेवलेला आहे. तो एकदा बसला की अख्ख्या हंगामात वाचवलेल्या फेऱ्या एका रात्रीत जातात. त्यापेक्षा वाडीतल्या चार-पाच बागायतदारांनी मिळून माल एका ठिकाणी जमवून मोठी गाडी ठरवणं परवडतं का, हे यंदा एकदा मांडून बघावं. पांढरा कांदा पिकवणाऱ्या अलिबागच्या शेतकऱ्यांनी 2022 साली भौगोलिक मानांकन एकत्र येऊनच मिळवलं. मग गाडी एकत्र ठरवायला काय हरकत आहे?

गाडी कमी मालावरही डुलत असेल तर मात्र दोष दुसरीकडे आहे. मागच्या टायरची हवा मालाच्या मानाने आहे का? पाट्याचे बुश झिजलेत का? शॉकॲब्सॉर्बर गळतायत का? एका बाजूचा पाटा पिचलाय का? जड माल तळाशी आणि पुढे, हलका वर, आणि दोरखंड फाळक्याला नव्हे तर हौद्याच्या हुकांना आवळलेला, एवढं केलं तरी निम्मं डुलणं जातं. मोठे टायर टाकल्यामुळे ते पाट्याला घासत असतील आणि म्हणून चकती हवी असेल, तर उपाय कारखान्याच्या मापाचे टायर परत बसवणं हा आहे.

आणि ज्यांनी आधीच पैसे घातलेत किंवा घालणारच आहेत, त्यांनी निदान डोळे उघडे ठेवून घ्यावं. नुसती मध्ये सरकवायची पातळ चकती घेऊ नका. तिच्यामुळे मूळ स्टडची लांबी खाल्ली जाते. नट स्टडच्या जाडीइतका तरी आट्यांवर बसलाच पाहिजे. 12 मि.मी.चा, दीड मि.मी. आट्यांचा स्टड असेल तर पूर्ण आठ फेरे मोजा. जाड चकती स्वतःचे स्टड असलेली हवी, मधलं भोक हबवर हलकंसुद्धा खुळखुळता कामा नये, आणि मूळ स्टडची टोकं चकतीच्या बाहेर येऊन डिस्कला टेकत नाहीत ना, ते पारखून घ्या. बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं नसेल तर ती भंगाराच्या भावानेही नको. डावी-उजवी जाडी सारखीच असावी. हे सगळं जमलं तरी माल भरायच्या गाडीला मी ती बसवू देणार नाही, हे माझं मत कायम आहे.

बसवलेल्या चकत्या काढायच्या ठरवल्या तर घाईने चाक परत लावून मोकळे होऊ नका. हबची बसणारी बाजू तारेच्या ब्रशने घासून गंज काढा. प्रत्येक स्टड हाताने चाचपा. वाकलेला, ताणून बारीक झालेला किंवा आटे गेलेला एकही सापडला तर त्या चाकाचे सगळे स्टड बदला. नट समोरासमोरच्या जोडीने, पुस्तकात दिलेल्या ताणाने, टॉर्क पान्याने आवळा. पाईप घालून पान्यावर उभं राहणं ही आपल्याकडची रीत स्टडला मारक आहे. मग गाडी पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासा. अलिबागहून निघालात तर वडखळच्या पुढे कुठेतरी चहाला थांबताच, तेव्हा पाना बरोबर असू द्या.