माडाच्या खोडावर खाचा नकोत

आंब्याच्या खोडास कोयत्याचा घाव लागला तर कांहीं पावसाळ्यांत त्याच्या कडा फुगून जवळ येतात. माडाचा घाव मात्र माड मरेपर्यंत तसाच राहतो. वसईच्या वाडीवाल्यांनीं हा भेद पाहिलेला आहे. पण त्याचें कारण जाणून वागणारे थोडे, म्हणून आम्ही हें लिहीत आहों.

आंबा, चिकू, फणस यांच्या सालीखालीं वाढीचा एक नाजूक थर असतो. तो आंतल्या अंगास लांकूड व बाहेरच्या अंगास साल निपजवितो. खोड जाड होतांना मूळची पातळ त्वचा ताणून फाटते. तेव्हां सालींतच दुसरा थर जागा होऊन बाहेर बुचाच्या पेशी रचूं लागतो. शास्त्रांत त्यास त्वक्षाकर म्हणतात. या पेशींच्या भिंतींत मेणासारखें द्रव्य भरतें. त्यांतून पाणी झिरपत नाहीं व बुरशीस सहज वाट मिळत नाहीं. ज्या पोर्तुगिजांनीं 1534 पासून 1739 पर्यंत वसई ताब्यांत ठेविली, त्यांच्या देशांत ओकाचें बूच सुमारें 9 वर्षांनीं सोलतात. आंतली जिवंत साल राखतात, म्हणून झाड पुन्हां बूच धरतें.

माडाची गोष्ट निराळी. माड, ताड, सुपारी हीं झाडें एकदल वर्गांतील. त्यांस तो वाढीचा थरच नाहीं. बाहेरचें कठीण कवच तुटलें तर पुन्हां भरून येत नाहीं. शिवाय खोडाचा सारा जोर याच बाहेरच्या कड्यांत असतो, गाभा मऊ. आणि चढण्यासाठीं खाचा पाडतात त्या नेमक्या त्याच कड्यांत! तेथें पावसाचें पाणी सांचतें. ताज्या जखमेच्या वासानें सोंड्या भुंगा येऊन अंडीं घालतो, अळी आंतून खोड पोखरते, आणि मालकास पुष्कळदां पत्ता लागतो तो शेंडा कलंडल्यावर.

चढणारा मिळत नाहीं, मिळाला तर खाचांवांचून चढत नाहीं, ही तक्रार आम्हांस ठाऊक आहे. तरी आमच्या मतें ती सबब पुरेशी नव्हे. पायांत दोरीचा फास घालून चढण्याची रीत जुनीच आहे, आणि आतां चढण्याचीं यंत्रेंही विकत मिळतात. एकट्यास खर्च जड वाटल्यास आळींतील चौघांनीं मिळून एक यंत्र घ्यावें. चढणाऱ्यास मजुरी दोन पैसे अधिक द्यावी, पण कोयता खोडास लावूं देऊं नये.

पूर्वीं पडलेल्या खाचा डांबर फासून बंद कराव्या. हिरवी झावळी तोडणें भागच पडलें तर सुमारें 120 सेंटिमीटर देठ खोडास ठेवून तोडावी, म्हणजे भुंग्यास कापल्या जागेंतून खोडांत शिरतां येत नाहीं.